गाण्यातली ओळ अडली? आधी नेमकं कुठे अडलंय ते बघा

इंग्लिश गाणी ऐकून इंग्लिश सुधारतं असं सगळेच सांगतात आणि ते खोटं नाहीये, पण गाणं ऐकता ऐकता मध्येच एखादी ओळ अशी येते की प्रत्येक शब्द ओळखीचा आणि अर्थ मात्र शून्य, हे कोणी आधी सांगत नाही. मग आपण डिक्शनरी उघडतो, एकेक शब्द बघतो, सगळ्यांचे अर्थ शेजारी शेजारी मांडतो आणि जे तयार होतं ते वाचून अजूनच डोकं फिरतं. शेवटी निष्कर्ष काय, तर आपलं इंग्लिश कच्चं.

मला विचाराल तर बहुतेक वेळा तसं नसतं. ओळ न कळण्याची कारणं पाच-सहा प्रकारची असतात आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. कधी ऐकण्यातच घोळ असतो, कधी वाक्य दोन ओळींत तुटलेलं असतं, कधी व्याकरण शाळेत शिकवलेलं नसतं, कधी दोन-तीन शब्द मिळून एकच अर्थ असतो, कधी संदर्भ गाण्याच्या बाहेर असतो आणि कधी कधी तर, खरंच सांगते, तिथे अर्थ नसतोच. डिक्शनरी यातल्या एखाद-दुसऱ्या दुखण्यावरच चालते. म्हणून आधी दुखणं ओळखायचं. खाली ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने तपासत जा, कारण पहिल्याच पायरीवर चूक असेल तर पुढची सगळी मेहनत पाण्यात जाते.

पायरी १: जे ऐकू आलं ते आधी कागदावर

लिरिक्स लगेच उघडू नका. ओळ तीन-चारदा ऐका आणि जे ऐकू येतं ते लिहून काढा, कितीही वेडगळ वाटलं तरी. मग लिरिक्स बघा आणि दोन्ही शेजारी ठेवा. यात लाजण्यासारखं काही नाही कारण इंग्लिश ज्यांची मातृभाषा आहे तेसुद्धा सर्रास चुकीचं ऐकतात, इतकं की त्याला इंग्लिशमध्ये वेगळा शब्द आहे, मॉन्डेग्रीन. सिल्व्हिया राइट नावाच्या अमेरिकन लेखिकेने 1954 साली एका लेखात तो पहिल्यांदा वापरला. लहानपणी तिला एक जुनं स्कॉटिश गाणं वाचून दाखवायचे, त्यात एका सरदाराला मारून 'लेड हिम ऑन द ग्रीन', म्हणजे हिरवळीवर टाकून दिलं असं होतं, आणि तिला ऐकू यायचं 'लेडी मॉन्डेग्रीन', म्हणजे सरदाराबरोबर बिचाऱ्या कुठल्यातरी बाईलाही मारलं! जिमी हेंड्रिक्सच्या 1967 च्या 'पर्पल हेझ'मध्ये तो 'किस द स्काय' म्हणतो, तर हजारो लोकांना वर्षानुवर्षं 'किस धिस गाय' ऐकू आलं. तेव्हा आपलं काय घेऊन बसलात.

पण चूक कुठे होते हे कळलं की पुढच्या वेळी कान तयार असतो. इंग्लिश बोलताना शब्द एकमेकांना चिकटतात आणि गाताना तर आणखी. 'लेट इट गो' हे अमेरिकन तोंडात 'लेडिगो' होतं, 'टेल हिम' मधला ह गायब होऊन 'टेलिम' उरतं, 'डिड यू' चं 'डिजू' होतं. आपण मराठीत प्रत्येक अक्षर बऱ्यापैकी पूर्ण म्हणतो त्यामुळे आपला कान तेच शोधत बसतो. सगळ्यात वाईट जोडी म्हणजे 'कॅन' आणि 'कान्ट', कारण अमेरिकन उच्चारात दोन्हीचा स्वर सारखाच आणि शेवटचा ट नुसता गिळलेला. बोलण्यात एक खूण मिळते, होकारार्थी असेल तर तो शब्द झटकन 'कन' असा उरकतात आणि नकारार्थी असेल तर त्याच्यावर जोर देतात, पण गाण्यात चालीमुळे जोर कुठेही पडू शकतो. त्यामुळे तिथे पुढच्या-मागच्या ओळीवरूनच ठरवा.

लिरिक्स कुठून घेताय तेही बघा. गायकाच्या स्वतःच्या चॅनलवरचा लिरिक व्हिडिओ किंवा अल्बमसोबत छापलेली पुस्तिका सगळ्यात बरी. इतर साइट्सवर कुणीतरी कानाने ऐकून टाइप केलेलं असतं, आणि एकाची चूक दुसरा कॉपी करतो त्यामुळे पाच साइट्सवर तेच दिसलं म्हणजे ते बरोबर असं अजिबात नाही. आपोआप तयार होणाऱ्या सबटायटल्सवर तर गाण्याच्या बाबतीत विश्वासच ठेवू नका.

पायरी २: ओळी जोडून सरळ वाक्य करा

हे अगदी साधं आहे आणि तरी कोणी करत नाही. लिरिक्समध्ये ओळ संपते ती चालीमुळे संपते, वाक्य संपलं म्हणून नाही. आणि विरामचिन्हं तर बहुतेक नसतातच. मी एक उदाहरण बनवते: पहिली ओळ 'द डोअर यू लेफ्ट', दुसरी 'ओपन ऑल विंटर', तिसरी 'बँग्ज इन माय हेड'. पहिली ओळ एकटी वाचली तर 'तू सोडून गेलास तो दरवाजा' असं वाटतं. जोडून वाचली की कळतं 'लेफ्ट ओपन' एकत्र आहे, म्हणजे 'तू हिवाळाभर उघडा ठेवलेला दरवाजा माझ्या डोक्यात आपटतोय'. एका शब्दाने सगळं फिरलं.

खरं उदाहरण हवं असेल तर 'सायलेंट नाइट' घ्या. मूळ गाणं जर्मन, 1818 मधलं, इंग्लिश नंतर झालं. त्यात एक ओळ सुरू होते 'राउंड यॉन व्हर्जिन' अशी आणि इंग्लिश मुलांनाही तिथे गोल गरगरीत काहीतरी डोळ्यासमोर येतं. पण 'राउंड' हा शब्द आधीच्या ओळीतल्या 'ऑल इज ब्राइट'ला जोडलेला आहे, 'अराउंड' या अर्थाने, आणि 'यॉन' म्हणजे 'तिकडची, ती'. त्या आई आणि बाळाच्या भोवती सगळं उजळलंय, एवढंच. चाल मध्ये थांबते म्हणून आपण तोडतो.

म्हणून वहीत ओळी एकापुढे एक लिहा, कर्ता कोण आणि क्रियापद कुठलं ते अधोरेखित करा, आणि स्वल्पविराम कुठे येईल ते स्वतः टाकून बघा. 'गॉड रेस्ट यू मेरी जंटलमेन' या ख्रिसमसच्या जुन्या गाण्यात तर सगळा खेळ स्वल्पविरामाचा आहे. तो 'मेरी'च्या नंतर येतो. म्हणजे 'आनंदी सद्गृहस्थहो, विश्रांती घ्या' असं नसून 'सद्गृहस्थहो, देव तुम्हाला आनंदात ठेवो' असं आहे, कारण तिथे 'रेस्ट'चा जुना अर्थ 'ठेवणे' असा आहे.

यमक जुळवायला शब्द उलटसुलट फिरवलेले असतात तेही इथेच सरळ करा. आणि गाळलेले शब्द भरा. 'आय अ‍ॅम', 'डू यू', 'इट इज' हे तर गाण्यात सर्रास उडवतात.

पायरी ३: शाळेतलं व्याकरण जरा बाजूला ठेवा

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण इथे हुशार विद्यार्थी जास्त अडकतात. ज्याचं व्याकरण पक्कं आहे त्याला वाटतं गायक चुकला किंवा आपण चुकलो. कोणीच चुकलेलं नसतं, गाणी बोलीभाषेत लिहिलेली असतात, आणि त्यातही अमेरिकन ब्लूज, कंट्री, रॉक, हिप-हॉप यांची मुळं ज्या बोलींमध्ये आहेत त्यांचे स्वतःचे पक्के नियम आहेत.

'एन्ट' पासून सुरू करू. हा एकच शब्द 'अ‍ॅम नॉट', 'इज नॉट', 'आर नॉट', 'हॅज नॉट' आणि 'हॅव नॉट' या पाचही जागी चालतो. कुठला घ्यायचा हे पुढचा शब्द सांगतो. पुढे 'सीन' किंवा 'गॉन' सारखं तिसरं रूप आलं तर बहुतेक 'हॅव नॉट', पुढे विशेषण किंवा नाम आलं तर 'इज नॉट'.

मग दुहेरी नकार. 'डोन्ट नीड नो हेल्प' याचा अर्थ गणितासारखा, दोन वजा मिळून अधिक, असा करायचा नाही. दोन्ही नकार मिळून एकच नकार, वर थोडा ठसका. रोलिंग स्टोन्सच्या 1965 च्या त्या सुप्रसिद्ध 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये गायक म्हणतो मला समाधान मिळत नाही, आणि व्याकरणाच्या पुस्तकाप्रमाणे जाल तर उलटं होईल, की त्याला समाधान मिळाल्याशिवाय राहत नाही. मग गाणंच उरणार नाही.

'शी डोन्ट' हेही तसंच, 'डझन्ट' ऐवजी. एक कारण बोली आणि दुसरं कारण वजन, 'डझन्ट'मध्ये एक ठोका जास्त येतो आणि तो चालीत बसत नाही.

आता आखूड रूपं. 'गॉना', 'वॉना', 'गॉटा', 'लेमी', 'गिमी', 'काइंडा', 'आउटा', 'कुडा' ही यादी दोन दिवसांत पाठ होते, त्यात विशेष काही नाही. 'एम' म्हणजे 'देम', 'कॉज' म्हणजे 'बिकॉज', शेवटचा 'इंग' कापून 'इन' होतो, संपलं. खरी डोकेदुखी आहे ती 'आय्ड' सारख्या रूपांची, कारण ते 'आय वुड' पण असतं आणि 'आय हॅड' पण. पुढे क्रियापदाचं मूळ रूप असेल, म्हणजे 'गो', 'गिव्ह', तर 'वुड'. पुढे तिसरं रूप असेल, म्हणजे 'गॉन', 'गिव्हन', तर 'हॅड'. 'बेटर' आला तर परत 'हॅड'. आणि काही क्रियापदांची रूपं सारखीच दिसतात तिथे मात्र गाण्यातला काळ बघावा लागतो. तसंच 'शीज गॉन', हे 'ती गेलेली आहे' या अवस्थेबद्दल आहे का 'ती गेली' या क्रियेबद्दल, यावर डोकं फोडण्यात अर्थ नाही, दोन्हीचा परिणाम सारखाच, ती इथे नाही.

'वुड' बद्दल अजून एक. आपल्याला तो 'झालं असतं तर' वाला शिकवलेला असतो. पण जुन्या आठवणींच्या गाण्यात 'वी वुड वॉक' म्हणजे 'आम्ही चालायचो', रोजची सवय. मराठीत हे 'चालायचो' इतकं सुंदर एका शब्दात बसतं की एकदा ही जोडी डोक्यात बसली की परत विसरत नाही.

आणि जुन्या गाण्यांत अगदी छोटे शब्द दगा देतात. लहान मुलांचं होडी वल्हवायचं गाणं आहे ना, त्यात शेवटी आयुष्य 'बट अ ड्रीम' आहे असं येतं. मी कित्येक वर्षं तिथे 'पण' लावत होते आणि वाक्य लंगडं का वाटतंय ते कळत नव्हतं. तिथे 'बट' म्हणजे 'फक्त, नुसतं'. आयुष्य म्हणजे नुसतं एक स्वप्न. तसंच जुन्या गाण्यात ओळीच्या सुरुवातीला 'फॉर' आला तर तो 'साठी' नसून 'कारण' असू शकतो, आणि 'लाँग' हे क्रियापद असेल तर लांबीशी संबंध नाही, आस लागणे.

पायरी ४: चव कुठे बिघडते ते बघा

आता शब्द बरोबर ऐकले, वाक्य जोडलं, व्याकरण लागलं, तरी अर्थ विचित्र येतोय. मग बहुतेक तुम्ही शब्दांचा जुडगा फोडलाय. मराठीत 'मी रागात काहीतरी बोलून बसलो' यात कोणी बसलेलं नसतं, आणि 'तो मला पाण्यात पाहतो' यात पाणी नसतं. परदेशी माणसाने डिक्शनरी घेऊन हे वाक्य सोडवायला घेतलं तर त्याचं जे होईल तेच आपलं होतं.

ओळखायचं कसं? एकच युक्ती, कुठला शब्द शेजारच्या शब्दाशी जुळत नाही ते शोधा. माझाच किस्सा सांगते. जॉन डेन्व्हरच्या 1971 च्या 'टेक मी होम, कंट्री रोड्स'मध्ये 'टेस्ट ऑफ मूनशाइन' असे शब्द आहेत. मी ऐकायचे आणि मस्त चांदणं पडलंय, डोंगर, धुकं, असं सगळं डोळ्यासमोर आणायचे. बरं, आजूबाजूला डोंगर-नदी असल्यामुळे ते फिटही बसायचं. पण 'टेस्ट'? चांदण्याची चव कशी असेल? तो शब्द ओरडून सांगत होता आणि मी कवी लोक असंच लिहितात म्हणून सोडून देत होते. 'मूनशाइन' म्हणजे चोरून गाळलेली दारू, रात्री चंद्राच्या उजेडात गाळायचे म्हणून ते नाव, आणि गाण्यात ज्या डोंगराळ भागाचं वर्णन आहे तिथे ती प्रसिद्धच. तेव्हापासून नियम केला, 'कवी लोक असंच लिहितात' हे उत्तर सगळ्यात शेवटी.

शोधताना ओळ जशीच्या तशी डिक्शनरीत टाकून उपयोग नाही. डिक्शनरीत वाक्प्रचार मूळ रूपात असतात, म्हणून क्रियापद वर्तमानकाळात आणा, 'मी', 'हर' असेल तिथे 'समवन' लिहा, 'माय', 'युवर' असेल तिथे 'वन्स' लिहा. 'यू लेट मी डाउन' शोधायचं असेल तर 'लेट समवन डाउन', मग लगेच सापडतं, एखाद्याच्या भरवशाला न उतरणे. 'आय वेअर माय हार्ट ऑन माय स्लीव्ह' चं 'वेअर वन्स हार्ट ऑन वन्स स्लीव्ह', भावना न लपवता वावरणे.

यातले फ्रेजल व्हर्ब्ज, म्हणजे साधं क्रियापद आणि सोबत अप, डाउन, ओव्हर, आउट असलं एखादं शेपूट, हे गाण्यांचं मीठ आहेत. सगळा अर्थ शेपटात असतो. 'फॉल फॉर' म्हणजे प्रेमात पडणे किंवा फसणे (गाण्यात बऱ्याचदा दोन्ही एकदमच), 'फॉल आउट' म्हणजे बिनसणे, 'फॉल अपार्ट' म्हणजे कोलमडणे. 'मेक अप' म्हणजे समेट करणे किंवा थाप मारणे, 'मेक आउट' म्हणजे नीट दिसणे-कळणे, किंवा, अहेम, बराच वेळ चुंबनं घेणे. 'गेट ओव्हर हिअर' म्हणजे इकडे ये आणि 'गेट ओव्हर यू' म्हणजे तुला मनातून काढून पुढे जाणे. आणि शेपूट क्रियापदाला चिकटूनच येईल असं नाही, मध्ये तीन-चार शब्द घुसतात, गाण्यात तर शेपूट पुढच्या ओळीत जाऊन पडतं. ओळीच्या शेवटी एकटाच 'डाउन' किंवा 'आउट' लटकलेला दिसला की मागे जाऊन त्याचं क्रियापद शोधायचं.

एक चकवा मात्र लक्षात ठेवा. गीतकार तयार वाक्प्रचार मोडतात. पलीकडचं गवत जास्त हिरवं दिसतं अशी इंग्लिश म्हण आहे, गाण्यात नुसतं 'तुझं गवतही सुकलं' एवढंच येईल आणि म्हण ऐकणाऱ्याने आठवायची. अशा वेळी डिक्शनरीत ओळ सापडत नाही. ओळीतली एक-दोन ठळक नामं घ्या, इथे गवत, आणि त्यापुढे 'इडियम' किंवा 'प्रॉव्हर्ब' लिहून शोधा.

भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये एकच ओळ टाकू नका. पूर्ण कडवं टाका. एकट्या ओळीला संदर्भ नसतो, मग ते बिचारं शब्दशः करून मोकळं होतं.

पायरी ५: साल आणि गाव

गाणं कधीचं आणि कुठलं हे बघायला अर्धा मिनिट लागतो आणि त्याने तासाभराचं काम वाचतं. शब्द तेच राहतात, अर्थ सरकतात. 'यँकी डूडल' या अठराव्या शतकातल्या गाण्यात तो टोपीत पीस खोचतो आणि त्याला 'मॅकरोनी' म्हणतो. पास्त्याचा संबंध काय? तर त्या काळी इंग्लंडमध्ये इटलीहून फिरून आलेल्या, भडक फॅशन करणाऱ्या तरुणांना मॅकरोनी म्हणायचे. म्हणजे थट्टा अशी की या गावंढ्याला एक पीस खोचलं की आपण फॅशनेबल झालो असं वाटतं. जुन्या गाण्यांतला 'गे' हा शब्दही तसाच, तिथे 'आनंदी, रंगीबेरंगी' एवढाच अर्थ.

जागेचं म्हणाल तर 1895 मध्ये लिहिलेलं ऑस्ट्रेलियाचं 'वॉल्ट्झिंग मटिल्डा' बघा. ऐकून वाटतं मटिल्डा नावाची मुलगी नाचतेय. मुलगीही नाही आणि नाचही नाही! मटिल्डा म्हणजे भटक्या मजुराचं पाठीवरचं बोचकं आणि ते घेऊन पायी भटकणे म्हणजे वॉल्ट्झिंग मटिल्डा. त्यात पुढे 'जंबक' म्हणजे मेंढी, 'बिलाबाँग' म्हणजे नदीपासून तुटून उरलेला डोह. हे शब्द अमेरिकन माणसालाही समजावून सांगावे लागतात, मग आपण कशाला वाईट वाटून घ्यायचं.

ब्रायन अ‍ॅडम्सच्या 'समर ऑफ सिक्स्टी नाइन'मध्ये तो पहिली 'सिक्स-स्ट्रिंग' 'फाइव्ह-अँड-डाइम'मध्ये घेतली म्हणतो. सहा तारांची म्हणजे गिटार, हे ओळखता येतं. डाइम म्हणजे दहा सेंटचं नाणं, आणि पाच-दहा सेंटच्या स्वस्त वस्तूंची जी दुकानं असायची त्यांना हे नाव. म्हणजे पहिली गिटार अगदी साध्या, स्वस्तातल्या दुकानातून आली. बाय द वे, अ‍ॅडम्सचा जन्म 1959 चा, म्हणजे त्या उन्हाळ्यात तो नऊ वर्षांचा! गाण्यातला 'मी' म्हणजे गायक स्वतः नसतो याचा याहून चांगला पुरावा काय देणार.

संदर्भांची सगळ्यात मोठी खाण म्हणजे बायबल. ओळीत अचानक बॅबिलॉन, झायन, जॉर्डन नदी, डेव्हिड, सॅम्सन, पूर, नौका, सफरचंद असलं काही आलं की आधी तिकडे बघा. बोनी एम या ग्रुपने 1978 मध्ये गाजवलेलं 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' नाचायला भारी वाटतं, पण शब्द आलेत बायबलमधल्या 137 व्या स्तोत्रातून, बंदी करून परमुलखात नेलेल्या लोकांचं रडणं आहे ते. आणि मूळ गाणं जमैकाच्या मेलोडियन्स या ग्रुपचं, 1970 चं, तिथल्या रास्ताफारी पंथाच्या लोकांच्या बोलण्यात बॅबिलॉन म्हणजे जुलमी व्यवस्था. एकाच शब्दाला दोन मजले.

स्लँगसाठी लोक अर्बन डिक्शनरी बघतात. बघा, पण तिथे कोणीही काहीही लिहू शकतं आणि निम्म्या नोंदी थट्टेत लिहिलेल्या असतात, प्रत्येक साध्या शब्दाला तिथे एक अश्लील अर्थ सापडेलच. विक्शनरी मला जास्त आवडते कारण अर्थाच्या आधी तिथे 'जुना', 'बोलीतला', 'स्लँग', 'ऑस्ट्रेलियन' अशा खुणा दिलेल्या असतात आणि गाण्याच्या सालाशी जुळवून बघता येतं. जीनियस साइटवर ओळीवर क्लिक केलं की लोकांचे अर्थ दिसतात. त्यातले जे गायकाने स्वतः लिहिलेत ते वेगळे दाखवतात, ते आधी वाचा. बाकीचे म्हणजे आपल्यासारख्याच लोकांचे अंदाज.

पायरी ६: बोलतंय कोण

नुसतं धृपद ऐकून गाण्याचा अर्थ ठरवू नका. 'द पोलिस' या बँडचं 1983 चं 'एव्हरी ब्रेथ यू टेक' लोक लग्नात वाजवतात. कडवी नीट वाचा, तो माणूस तिचा प्रत्येक श्वास, प्रत्येक पाऊल यावर नजर ठेवून आहे. ते लिहिणाऱ्या स्टिंगने स्वतः सांगितलंय की ते प्रेमगीत नाही, पाळत ठेवण्याबद्दल आहे. शब्द सगळे सोपे, एकही डिक्शनरीत बघायला नको, आणि तरी अर्थ निसटतो कारण चाल गोड आहे.

मराठीत अर्थ लावताना अजून एक गंमत होते जी कोणाच्या लक्षात येत नाही. इंग्लिश 'यू लेफ्ट मी' मध्ये जाणारा बाई का पुरुष ते कळत नाही. मराठीत करायला घेतलं की लगेच 'गेलास' किंवा 'गेलीस' निवडावं लागतं, 'तू' का 'तुम्ही' तेही ठरवावं लागतं. आपण नकळत निवडतो आणि पुढचं अख्खं गाणं त्या निवडीवर वाचतो. कधी तो 'यू' देव असतो, कधी शहर, कधी आरशातला स्वतः, कधी व्यसन. म्हणून पहिल्या वाचनात मी मुद्दाम 'तू सोडून जाणं' असं अर्धवट लिहून ठेवते, आणि सगळं वाचून झाल्यावरच लास-लीस लावते.

पायरी ७: अर्थ नसेलही

पॉल मॅकार्टनीकडे 'यस्टरडे'ची चाल आधी आली आणि शब्द सुचेपर्यंत तिथे तो 'स्क्रॅम्बल्ड एग्ज' गात होता. हे बरेच गीतकार करतात, चालीत बसणारे कुठलेही शब्द भरून ठेवतात. त्याने नंतर बदलले, काही जण तेच ठेवतात कारण ते ऐकायला छान वाटतात. त्यामुळे सहाही पायऱ्या करून ओळ उलगडत नसेल तर ती नादासाठी आहे असं समजायला हरकत नाही.

आणि गायकालाही सगळं ठाऊक असतं असं थोडीच आहे. 'निर्वाणा' या रॉक बँडच्या कर्ट कोबेनच्या भिंतीवर त्याच्या मैत्रिणीने, कॅथलीन हॅनाने, लिहिलं की कर्टला 'टीन स्पिरिट'चा वास येतो. त्याला ते काहीतरी क्रांतिकारक, तरुणाईबद्दलचं वाटलं, त्यावर गाणं झालं, 1991 मध्ये ते जगभर गाजलं आणि नंतर त्याला कळलं की टीन स्पिरिट हा मुलींच्या डिओडरंटचा ब्रँड आहे. इंग्लिश त्याची मातृभाषा होती बरं का.

कोणाला विचारायचं झालं तर

नुसती ओळ फेकून 'याचा अर्थ काय' विचारलंत तर तुम्हाला नुसतंच उत्तर मिळेल, आणि बहुधा चुकीचं. गाण्याचं नाव, गायक, साल, अडलेली ओळ आणि तिच्या आधीच्या-नंतरच्या दोन-दोन ओळी द्या. तुम्हाला काय वाटलं तेही लिहा, चुकीचं असलं तरी, कारण त्यावरून समोरच्याला कळतं की तुम्ही ऐकण्यात अडलाय का वाक्प्रचारात. 'टेस्टमुळे मला मूनशाइन खटकतंय' असं मी विचारलं असतं तर मला पहिल्या दिवशी उत्तर मिळालं असतं. आणि दोघांनी दोन अर्थ सांगितले तर कडव्यातल्या इतर ओळींना जो जास्त झेपतो तो घ्या.

वहीत काय ठेवायचं? वाक्प्रचार आणि फ्रेजल व्हर्ब्ज नक्की, पूर्ण ओळीसकट, कारण चालीमुळे ते आपोआप पाठ होतात. 'एन्ट' आणि दुहेरी नकार समजून घ्या पण परीक्षेत किंवा ऑफिसच्या मेलमध्ये लिहू नका, मी एका मुलाखतीत 'आय एन्ट' म्हणून बसले होते, समोरच्या बाईंनी भुवई जी वर नेली ती मुलाखत संपेपर्यंत खाली आली नाही. मेंढी आणि बोचकं वगैरे शब्द मजा म्हणून ठेवायचे तर ठेवा.

एका बैठकीत एकच गाणं घ्या, आणि त्यातल्या तीनच ओळी. सुरुवातीला 'जिंगल बेल्स' घेऊन बघा, 1857 चं आहे, सगळ्यांना तोंडपाठ आहे आणि त्यात 'बॉबटेल' असा एक शब्द आहे जिथे अर्ध्या जगाला बॉब नावाचा माणूस काहीतरी सांगतोय असं वाटतं. कुठल्या पायरीवर अडताय ते बघा. घोडा आहे तो, शेपूट आखूड केलेला.